वळचणीची वीतभर फट

गावातल्या जुन्या घरांना ऊब आणणं हा त्यांचा धंदा, म्हणून गाव त्यांना ‘गोधडीवाले’ म्हणतं. त्यांनी आयुष्यात एकही गोधडी शिवलेली नाही. सदऱ्याचं बटण तुटलं तरी ते बायकोच्या तोंडाकडे बघतात. पण घराच्या माळ्यावर ग्लासवूलचे जाड पट्टे अंथरणारा, खिडक्यांच्या फटी बुजवणारा, दारांच्या बुडाला रबरी पट्ट्या ठोकणारा माणूस म्हणजे घराला पांघरूण घालणाराच की, असं तीस वर्षांपूर्वी कुणीतरी म्हणालं आणि ते नाव त्यांना चिकटलं. चिकटलं तेही ग्लासवूलसारखंच. झटकून निघत नाही.

ग्लासवूल म्हणजे दिसायला कापूस आणि वागायला खाजकुइली. तीस वर्षं त्यात लोळल्यामुळे गोधडीवाल्यांचा उजवा हात कायम मानेवर असतो. मान खाजवणारा माणूस लांबून खोल विचारात गढल्यासारखा दिसतो, त्यामुळे गिऱ्हाइकावर छाप पडते. बायकोवर पडत नाही. संध्याकाळी ते घरी आले की ती दारातच कपडे झटकायला लावते आणि म्हणते, “विचार बाहेर ठेवा आणि आत या.”

गाव समुद्राला टेकून चढावर बसलेलं. रांगेनं उभी दगडी घरं, दोन-दोन फूट जाडीच्या भिंती, वर पाटीच्या दगडाची कौलं. इथला पाऊस वरून पडत नाही. तो समोरून येतो, उधारी मागायला आल्यासारखा, आणि दार लावलं तरी किल्लीच्या भोकातून आत डोकावतो. वाऱ्यात मीठ असतं. खिडक्यांवर मीठ बसतं, बिजागऱ्या गंजतात, आणि हिवाळ्यात घरात बसलेली माणसं टोपी, स्वेटर, मफलर घालून एकमेकांना विचारतात, बाहेर थंडी आहे का.

अशा गावात गोधडीवाल्यांना डोक्यावर घेऊन नाचायला हवं. तसं होत नाही. कारण या माणसाचं सगळं शास्त्र एका वाक्यात आहे आणि ते वाक्य गावाला तीस वर्षांत पटलेलं नाही: घराला पांघरूण घाला, पण नाक उघडं ठेवा. जुन्या घराला श्वास घ्यावा लागतो. लाकडी जमिनीखाली हवा खेळावी म्हणून जोत्यात विटेएवढ्या जाळ्या ठेवलेल्या असतात. छपराखाली हवा खेळावी म्हणून वळचणीला, म्हणजे छप्पर जिथे भिंतीवर टेकतं तिथे, वीतभर फट सोडावी लागते. ही भोकं बुजवली की घरातली वाफ घरातच कोंडते, लाकडं कुजतात, भिंतींना काळी बुरशी धरते. गोधडीवाले हे सांगतात, लोक माना डोलावतात, आणि ते कोपऱ्यावर वळायच्या आत जाळीत बोळा कोंबतात.

समोरच्या रांगेतल्या निवृत्त कप्तानांचंच बघा. या गृहस्थांनी चाळीस वर्षं गळक्या बोटींवर काढली. भोक दिसलं की बुजवायचं, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. एकदा गोधडीवाल्यांनी त्यांच्या जोत्याच्या जाळीतून लोकरीची एक जोडी ओढून काढली.

“कप्तान, हे मोजे कुणाचे?”

“माझे.”

“जाळीत काय करतायत?”

“वारा अडवतायत. पायाला झोंबतो.”

“मग पायात घाला. तिथेही अडवतात.”

कप्तान हसले, मोजे घेतले, आणि दुसऱ्या दिवशी जाळीत उशीचा अभ्रा होता. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं म्हटलं तरी घडा निदान ओला तरी होतो. इथे तेवढंही समाधान नाही.

पण परक्याचं परवडतं हो. परक्याच्या घराला बुरशी धरली तर दोन शिव्या घालून पुढे जाता येतं. गोधडीवाल्यांची खरी कसोटी लागली ती सख्ख्या बहिणीच्या घरात.

ताई त्यांच्याहून नऊ वर्षांनी मोठी. गावच्या शाळेत गणित शिकवायची. तिनं त्यांनाही शिकवलं होतं. शाळेत ‘बाई’ म्हणायचं आणि घरी ‘ताई’, हा नियम तिनंच घातलेला. आणि सातवीत भूमितीत त्यांना नापास केलं तेही तिनंच. त्या रात्री जेवताना वाटीत जास्तीचं वाढलं तेही तिनंच, पण गुण वाढवून दिले नाहीत. आता वय सदुसष्ट, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, चढावरच्या शेवटच्या घरात एकटी राहते. घर असं की समुद्राकडून निघालेला वारा पहिल्यांदा तिलाच भेटतो.

गेल्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. डॉक्टर घर बघून म्हणाले, इथे मीच आजारी पडेन. आणि मग ताईचा मुलगा आला. हा भाचा मोठ्या शहरात लिफ्टची तपासणी करणाऱ्या खात्यात आहे. प्रत्येक गोष्टीला एक मर्यादा असते, ती पाटीवर लिहावी आणि ओलांडू नये, हे त्याचं जीवनविषयक तत्त्वज्ञान.

“आई, आता बस झालं,” तो म्हणाला. “माझ्याकडे चल. सातवा मजला आहे, उबदार आहे, कोरडं आहे.”

“मी इथे बरी आहे.”

“मागच्या महिन्यात तू ऑक्सिजनवर होतीस.”

“तेवढे आठ दिवस सोडून बोलतेय मी.”

शेवटी मायलेकरांत करार झाला. मामानं उन्हाळाभर काम करून घर नीट करायचं. हिवाळ्याच्या पहिल्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रोज आकडे घ्यायचे. शेवटच्या दिवशी ऊब अठरा अंशांच्या खाली नको, हवेतली ओल साठ टक्क्यांच्या वर नको. पाळलं तर ताई तिच्या घरात. नाही पाळलं तर सातवा मजला. भाच्यानं दोन्ही आकडे दाखवणारं एक छोटं यंत्र आणून घरातल्या अरुंद बोळात टांगलं. ताईनं एक वही काढली, पट्टीनं रकाने आखले.

गोधडीवाले भाच्याला बाजूला घेऊन म्हणाले, “काळजी करू नकोस. हे घर मी असं करून देईन की तुझी आई स्वेटर दान करेल.”

ही वाक्यं माणसानं बोलू नयेत. पण तीस वर्षं दुसऱ्यांच्या घरात डोकं फोडून घेतल्यावर एकदा तरी स्वतःच्या माणसाच्या घरात, मनासारखं, कुणी मध्ये न येता काम करायला मिळणार, या कल्पनेनं त्यांच्या अंगात वारं शिरलं होतं.

कुणी मध्ये न येता, हे चुकलंच. ताई होती ना.

पहिल्या दिवशी त्यांनी जोत्याच्या चारही जाळ्या मोकळ्या केल्या. प्रत्येकीत दिवंगत भावोजींचा एकेक मोजा.

“ताई, तूसुद्धा?”

“वाया कशाला घालवायचे? लोकरीचे आहेत.”

“अगं, याच्यामुळे तर जमीन कुजते. नाक दाबल्यावर माणूस जगेल का?”

“तोंडानं श्वास घेईल.”

“घराला तोंड नसतं.”

“मग दार काय आहे?”

गणिताच्या माणसाशी वाद घालू नये. गोधडीवाल्यांनी मान खाजवली आणि मोजे खिशात घातले. त्या महिन्यात त्यांनी खिडक्यांना पट्ट्या बसवल्या, दारं पुन्हा रंधली, बोळातल्या भिंतीवरचा प्लॅस्टिकचा रंग खरवडून चुन्याचा हात दिला. ताई मागे उभी राहून प्रश्न विचारायची. ही पट्टी किती मिलिमीटर? मग ती फट किती? मग उरलेला दीड मिलिमीटर कुठे गेला? संध्याकाळी गोधडीवाले घरी जाऊन खुर्चीत नुसते बसायचे. बायको विचारायची, “आज काय काम केलं?” ते म्हणायचे, “तोंडी परीक्षा दिली.”

माळ्याचं काम मात्र त्यांनी ताई आठ दिवस मैत्रिणीकडे गेली तेव्हा उरकलं. निवांत. शीळ वाजवत. ग्लासवूलचा एक थर उभा, दुसरा आडवा. वर कुणी नाही, खाली कुणी नाही, प्रश्न नाहीत. गोधडीवाल्यांच्या मते तो त्यांच्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा आठवडा होता.

मग हिवाळा आला आणि यंत्रावर अठराचा आकडा दिसला. नंतर साडेअठरा. एका सकाळी एकोणीस. ताईनं मफलर काढून ठेवला. गोधडीवाले सहज जाता जाता म्हणून दिवसातून तीनदा तिच्याकडे यायचे आणि यंत्राकडे बघून बायकोच्या माहेरचे पाहुणे आल्यासारखे हसायचे.

दुसरा आकडा मात्र वेगळंच बोलत होता. अठ्ठावन्न. बासष्ट. सहासष्ट.

“चढतोय,” ताई म्हणाली आणि वहीत लिहिलं.

“हवा बदलली की होतं तसं.”

“काल वारा कोरडा होता. मी बघितलं.”

एकाहत्तर झाले तेव्हा निजायच्या खोलीच्या छतावर, भिंतीच्या कडेला, चहा सांडल्यासारखा तपकिरी डाग उमटला. रोज बोटभर पुढे सरकत होता.

आता गोधडीवाल्यांचं डोकं फिरलं. पहिला संशय ताईवर. त्यांनी जमिनीवर पालथं पडून चारही जाळ्यांत विजेरी मारली. एकही मोजा नव्हता. त्याचंही त्यांना वाईट वाटलं. मोजा सापडला असता तर प्रश्न सुटला असता.

“ताई, खरं सांग. तू काय कोंबतेस आणि मी आलो की काढतेस?”

“मी चोऱ्या करते म्हणतोस?”

“तसं नाही. पण आकडा…”

“अडतीस वर्षं मी कुणाला कॉपी करू दिली नाही, धाकट्या. आता स्वतः करेन?”

मग संशय कपड्यांवर. घरात कपडे वाळत घालते म्हणून. ताईनं कपडे पत्र्याच्या शेडमध्ये नेले. आकडा बाहत्तर. मग संशय कप्तानांवर, कारण कप्तानांवर संशय घ्यायला कारण लागत नाही. मग छपरावर. भर वाऱ्यात गोधडीवाल्यांनी छपरं शाकारणाऱ्या माणसाला वर चढवलं. हा गडी फार बोलत नाही; तासभर कौलं ठोकून बघितली, खाली उतरला, म्हणाला, “छप्पर ठणठणीत आहे.”

“गळतंय कुठेतरी.”

“गळत नाही.”

“मग पाणी कुठून येतंय?”

“वरून येत नाही,” तो म्हणाला आणि शिडी घेऊन गेला.

त्या संध्याकाळी जेवताना गोधडीवाले समुद्राला शिव्या घालत होते, दगडाला घालत होते, शंभर वर्षांपूर्वी हे घर बांधणाऱ्या गवंड्याला घालत होते. बायको शांतपणे ऐकत होती. सगळ्यांचं वाटप होऊन शिव्या उरल्या तेव्हा ती म्हणाली, “माळ्यावर बघितलंत का?”

“माळ्यावर काय बघायचंय? ते मी स्वतः केलंय.”

“म्हणूनच विचारतेय.”

“तीस वर्षं करतोय मी हे.”

“कप्तान चाळीस वर्षं बोट चालवत होते,” ती म्हणाली आणि ताटं उचलली.

वाक्य लागलं. रागारागानं दुसऱ्या दिवशी सकाळी ते ताईकडे गेले, बोळात शिडी लावली, आणि माळ्याच्या चौकोनी झडपेतून वर घुसले. पोट नेहमीप्रमाणे क्षणभर अडकलं. मग विजेरी लावली.

माळा देखणा दिसत होता. छपराच्या लाकडी फळ्यांतून खाली आलेली खिळ्यांची शेकडो टोकं, आणि प्रत्येक टोकावर एकेक थेंब. विजेरी फिरवली की रांगेनं चमकायचे. एक थेंब त्यांच्या टकलावर पडला. ग्लासवूलवर हात ठेवला तर ओल्या टॉवेलासारखं. ते गुडघ्यांवर सरकत कडेपर्यंत गेले, जिथे छप्पर भिंतीला टेकतं.

वळचणीला वीतभर फट नव्हती. बोटभरही नव्हती. तिथे ग्लासवूल ठासून भरलं होतं, तोफेत दारू ठासावी तसं, कोपऱ्याकोपऱ्यात, थेट दगडापर्यंत. असं भरायला हातांनी जमत नाही. झाडूचा दांडा लागतो.

आणि मग त्यांना तो झाडू आठवला.

दोन थर झाल्यावर तीन गुंडाळ्या उरल्या होत्या. परत नेता आल्या असत्या. पण मनात आलं, ताईचं घर आहे, इथे हात आखडता कशाला. परक्याला दोन थर, तर ताईला तीन. परक्याच्या कडेला वीत सोडतो, तिथून वारा येतो. ताईला कशाला वारा. न्यूमोनिया झालेलं माणूस. मग झाडू उलटा धरून, जीभ दातांत धरून, प्रेमानं, एकही भोक शिल्लक राहणार नाही अशा बेतानं त्यांनी घराचं नाक दाबलं होतं. शीळ वाजवत. गावाला तीस वर्षं जे करू नका म्हणून ओरडत आले, ते मोज्यानं करणारे कप्तान परवडले. यांनी पोतंभर मालानं केलं होतं.

बराच वेळ ते वर बसून राहिले. एक सोपा मार्ग होता. दोन दिवसांत सगळं गुपचूप ओढून काढायचं आणि छपरावर खापर फोडायचं. छप्पर बोलत नाही, छपरं शाकारणारा त्याहून कमी बोलतो.

“काय सापडलं?” खालून ताईचा आवाज आला.

“काही नाही.”

“मग काही नाहीला इतका वेळ?”

गोधडीवाल्यांनी झडपेतून डोकं खाली काढलं. ताई शिडीच्या पायथ्याशी वही घेऊन उभी होती. केसांत ग्लासवूल, टकलावर थेंब, वय अठ्ठावन्न.

“चुकलं, बाई,” ते म्हणाले.

घरात त्यांनी तिला ‘बाई’ म्हटलं, हे दोघांच्याही लक्षात आलं. तिनं ते सुधारलं नाही.

“काय चुकलं ते सांग.”

“कडेला जागा सोडली नाही. वाफ वर जाते आणि तिथेच कोंडते. खिळ्यांवर गार होऊन पाणी होतं आणि तुझ्या छतावर गळतं.”

“का नाही सोडलीस?”

“तुला गार लागेल म्हणून.”

ताईनं वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते तिनं दाखवलं नाही. मग म्हणाली, “ओढून काढ. मी पोती धरते.”

दोन दिवस ते ओलं ग्लासवूल खाली येत राहिलं. कोरडं असताना खाजतं, ओलं झालं की खाजतं आणि वास मारतं. बोळात पोत्यांचा ढीग लागला, आणि नेमका त्या ढिगातच रविवारी भाचा येऊन उभा राहिला. त्यानं यंत्र बघितलं. सत्तर.

“मामा, हे काय?”

“चूक माझी,” गोधडीवाले म्हणाले. “घराची नाही, तुझ्या आईची नाही. मी वळचण बुजवली.”

भाचा पाठ करून आलेलं सगळं विसरला. मामाच्या तोंडून हे दोन शब्द त्यानं जन्मात ऐकले नव्हते. भाच्याच्या लग्नात मामानं जेवणाची पंगत चुकीच्या दारातून आत घेतली होती, तेव्हाही मामाच्या मते चुकलं होतं ते दार.

“आकडा तर आकडा आहे,” तो म्हणाला. “आई, ठरलं होतं.”

“ठरलं होतं,” ताई म्हणाली. “पण प्रश्नपत्रिकेत चूक निघाली तर परीक्षा पुन्हा घेतात. खात्याचा नियम आहे.”

“कुठल्या खात्याचा?”

“माझ्या.”

एक महिना वाढवून मिळाला. आणि खरा छळ आता सुरू झाला, कारण आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. वळचण मोकळी झाली, कोरडे दोन थर नीट बसले, वारा माळ्यावरून शिस्तीत जाऊ-येऊ लागला. उरलं होतं ते लाकडानं वाळायचं. आणि लाकूड कुणाच्या बापाचं ऐकत नाही. एकोणसत्तर. एकोणसत्तर. अडुसष्ट. मध्येच चार दिवस धुकं आलं आणि पुन्हा एकोणसत्तर. गोधडीवाले यंत्रासमोर स्टूल टाकून बसायचे.

“दूध उतू जातंय का बघतोयस?” ताई विचारायची.

“ताई, बोलू नकोस. बोलताना वाफ निघते.”

शेवटचा आठवडा आला. चौसष्ट, त्रेसष्ट, बासष्ट. शेवटच्या दिवशी सकाळी एकसष्ट.

“साठ लिही,” गोधडीवाले म्हणाले.

“एकसष्ट आहे.”

“अगं, यंत्रात एखाद्या आकड्याची चूक असतेच.”

“मग बासष्टही असेल.”

तिनं एकसष्ट लिहिलं आणि मुलाला फोन लावला. भाचा पलीकडून म्हणाला, “आई, चालेल. एकानं काय होतं.” गोधडीवाल्यांनी डोळे मिटले, सुटलो म्हणाले. पण ताईचा चेहरा ताठ झाला होता.

“चालेल म्हणजे? लिफ्टमध्ये एक माणूस जास्त चढला तर चालतं का?”

“आई, तसं नाही…”

“ठरलं होतं साठ. गाडी घेऊन ये.”

आता झालं असं की तिला न्यायला टपलेला मुलगा आणि तिला ठेवायला धडपडणारा भाऊ, दोघं मिळून तिला राहा म्हणून विनवत होते आणि ती बॅग भरत होती. गोधडीवाल्यांनी आर्जवं केली, चिडले, वही फाडायची धमकी दिली. ती म्हणाली, “पानांवर क्रमांक घातलेत.” भाच्यानं गाडीचं दार उघडलं तेव्हा तो स्वतःच परीक्षेत नापास झाल्यासारखा दिसत होता.

ती गेली आणि तिसऱ्या दिवशी यंत्रावर साठ आलं. सहाव्या दिवशी अठ्ठावन्न. आठव्या दिवशी छप्पन्न. गोधडीवाले रिकाम्या बोळात उभे राहून हसावं की भिंतीवर डोकं आपटावं या विचारात पडले. त्यांनी फोन लावला.

“ताई, छप्पन्न.”

“घरात कोण आहे?”

“कुणी नाही. मीच.”

“रिकाम्या वर्गाचा निकाल नेहमीच शंभर टक्के लागतो, धाकट्या. तो धरत नाहीत.”

“मग मी आता करू तरी काय?”

मग ती म्हणाली, “इथल्या खिडक्या उघडत नाहीत रे. नुसत्या काचा. श्वास घेतला तरी यंत्रातून आल्यासारखा वाटतो.”

“लेकाला सांग.”

“त्याला कशाला वाईट वाटू द्यायचं. उबदार आहे म्हणते मी त्याला.”

ताई खोटं बोलते हे गोधडीवाल्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. ते म्हणाले, “मग परीक्षा द्यायला ये. घरात माणूस असताना आकडे घेऊ. तूच घे.”

बाराव्या दिवशी ती आली. आल्या आल्या तिनं पातेल्यात बटाटे उकडायला ठेवले, झाकणाशिवाय. न्हाणीघराचं दार उघडं टाकून गरम पाण्यानं आंघोळ केली. धुतलेली चादर बोळात, यंत्राच्या बरोबर समोर टांगली.

“ताई, हे तू मुद्दाम करतेयस.”

“सोपी प्रश्नपत्रिका काढायची मला सवय नाही.”

आकडा चौसष्टवर गेला. गोधडीवाले उठून उभे राहिले. ताईनं त्यांना खुणेनं बसवलं. अर्ध्या तासानं एकसष्ट. तासाभरानं अठ्ठावन्न, आणि तिथेच थांबला. वर कुठेतरी माळ्यावर, वीतभर फटीतून, बटाट्यांची वाफ समुद्राकडे निघाली होती.

सात दिवस ती असंच करत राहिली आणि सात दिवस ते बसून राहिले. हाताशी हातोडा नाही, पट्टी नाही. दुसऱ्याच्या आंघोळी मोजत बसायचं. असं काम त्यांच्या वाट्याला तीस वर्षांत आलं नव्हतं आणि वैऱ्याच्याही येऊ नये. सातव्या दिवशी तिनं एकोणसाठ लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि मुलाला फोन केला.

“राहतेय मी,” ती म्हणाली. “हो, नियमानुसार. नाही, तुझं घर चांगलंच आहे. उबदार आहे.”

फोन ठेवून ती भावाकडे वळली. गोधडीवाल्यांनी मान खाली घातली होती, पण कान टवकारले होते; एखादा शब्द पडेल म्हणून.

“पहिल्या वेळीच वीतभर जागा सोडली असतीस,” ती म्हणाली, “तर मला बारा दिवस त्या काचेत बसावं लागलं नसतं.”

“हो.”

“नुसतं हो?”

“मग आणखी काय म्हणू?”

“काही नको. चहा टाकते,” ती म्हणाली, आणि सात दिवसांत पहिल्यांदाच तिनं गॅसवरच्या भांड्यावर झाकण ठेवलं.